पुढे जाणे म्हणजे कोठे जाणे?

(कोल्हापूर येथील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



करवीरनगरीत व्याख्यानाला उभ्या राहणाऱ्या माणसाला एक शब्द टाळून पुढे जाता येत नाही. तो शब्द म्हणजे 'पुरोगामी'. महानगरपालिकेच्या सभागृहापासून तालमीच्या वर्धापनदिनापर्यंत येथील प्रत्येक भाषणात तो एकदा तरी येतोच. शब्द चांगला आहे आणि त्याचा अर्थही सरळ आहे. पुढे जाणारा तो पुरोगामी. पण पुढे म्हणजे कोठे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. काहींच्या मते धर्मश्रद्धा जितकी मागे पडेल, तितका समाज पुढे गेला. उलट श्रद्धा टिकली की नीती आपोआप टिकते आणि नीती टिकली की समाजाचे भले होतेच, असे मानणारे आपल्यामध्ये पुष्कळ आहेत. या दोन्ही समजुती मला आज आपल्यासमोर तपासून पाहायच्या आहेत. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात हा वाद ज्या दोन मित्रांनी अत्यंत प्रामाणिकपणे आणि तितक्याच तीव्रतेने घातला, त्यांना एका तुरुंगात आणून बसविले ते कोल्हापूरच्याच एका प्रकरणाने.

एका तुरुंगातील दोन मित्र

कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळी चौथे शिवाजी महाराज होते. ते वेडे झाले असल्याचे सांगून त्यांना बंदोबस्तात ठेवण्यात आले होते आणि त्यांचा छळ होत असल्याच्या वार्ता पुण्यापर्यंत पोहोचत होत्या. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे १८८१ च्या जानेवारीत सुरू झाली होती. त्यांनी हे प्रकरण हाती घेतले आणि कारभारी महादेव वासुदेव बर्वे यांच्यावर टीकेची झोड उठविली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांच्या आधारावर लेखन झाले होते, ती बनावट निघाली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी १७ जुलै १८८२ रोजी गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगात ठेवण्यात आले. शिक्षेत काही सूट मिळून २६ ऑक्टोबरला ते सुटले. 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे आगरकरांचे पुस्तक याच काळाविषयी आहे.

या प्रकरणातील दोन गोष्टी मला फार बोलक्या वाटतात. खटला चालू असताना टिळक-आगरकरांना जामीन दिला तो महात्मा फुले यांचे स्नेही रामशेट उरवणे यांनी. फुल्यांची आणि या तरुणांची मते किती भिन्न होती, हे मी सांगायला नको. तरीही संकटाच्या वेळी फुल्यांना मतभेद आठवला नाही. दुसरी गोष्ट कोल्हापूरची. खटल्याच्या मदतीसाठी येथील विद्यार्थ्यांनी नाटक केले आणि त्यात कॉलेजात शिकणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी भूमिका केली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. पुढे ज्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, ती सगळी माणसे त्या वर्षी एकमेकांसाठी उभी होती.

टिळक आणि आगरकर हे दोघेही १८५६ च्या जुलै महिन्यात जन्मलेले. तुरुंगात गेले तेव्हा दोघांचीही वये सव्वीसच्या आसपास होती. डेक्कन कॉलेजात असताना दोघांनी देशसेवेचे व्रत एकत्र घेतले होते. मिल, स्पेन्सर हे त्या काळातील विचारवंत दोघांनीही वाचले होते. डोंगरीत त्यांना अन्नाचे हाल सोसावे लागले, पण बोलायला वेळ भरपूर मिळाला. देव, धर्म, रूढी, राजकारण, समाज यांवर त्यांचे रात्र-रात्र वाद चालत. भिंतीपलीकडे ऐकू जावे इतका आवाज चढे. आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर केले तेही याच दिवसांत. करावे की करू नये, या संशयाने ग्रासलेल्या राजपुत्राची ती कथा. कर्तव्य कशाच्या आधाराने ठरवावे, हा प्रश्न त्या दोघांच्या मनात तेव्हापासूनच होता, असे म्हटले तर ते चूक ठरू नये.

आगरकरांचा प्रश्न

आगरकर अज्ञेयवादी होते. ईश्वर आहे किंवा नाही, याचा निर्णय मानवी बुद्धीला करता येत नाही आणि म्हणून आचरणाचा पाया त्याच्यावर उभारू नये, असे त्यांचे म्हणणे होते. 'देवतोत्पत्ति' या निबंधात त्यांनी देवकल्पनेचा उगम मनुष्याच्या भयात आणि अज्ञानात शोधला. नीतीला आधार हवा, तो मनुष्याच्या सुखदुःखाचा आणि बुद्धीचा, असे ते मानीत. आपल्यातील कितीतरी लोकांनी आगरकर एवढ्यावरच मिटून ठेवले आहेत. 'नास्तिक' हा शिक्का मारला की पुढचे वाचावे लागत नाही, ही मोठीच सोय असते.

परंतु या माणसाच्या आयुष्याकडे पाहा. एम.ए. झालेला, सरकारी नोकरीत सहज मोठ्या पदावर जाऊ शकणारा हा गरीब घरातील मुलगा आईला कळवितो की, मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, मी पोटापुरत्या पैशावर समाधान मानून लोकहितासाठी काम करणार आहे. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचा प्राचार्य झाल्यावरही त्याचे घर गरिबीतच चालते. दमा त्याला आयुष्यभर छळतो. त्याच्या मतांवर चिडून पुण्याचे सनातनी त्याच्या हयातीतच त्याची प्रेतयात्रा काढतात, आणि तरीही त्याची लेखणी हलत नाही. १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशीही गाठण्यापूर्वी, तो जातो. परलोकात फळ मिळेल या आशेने त्याने हे केले नाही, कारण परलोकावर त्याचा विश्वासच नव्हता. फळाची आशा न धरता कर्तव्य करणे याला आपल्या परंपरेत काय म्हणतात, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता त्या काळातील एक प्रश्न पाहू. कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची एक विवाहित मुलगी पतीच्या बळजबरीमुळे मरण पावली. १८९० साली तो खटला गाजला. त्यानंतर सरकारने संमतिवयाचे विधेयक आणले आणि १८९१ च्या मार्चमध्ये ही मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. आगरकरांचे 'सुधारक' पत्र या कायद्याच्या बाजूने लढले. टिळकांनी कडाडून विरोध केला. आमच्या धर्माच्या आणि कुटुंबाच्या व्यवहारात परक्या सरकारने हात घालू नये, सुधारणा समाजाने आतून करावी, हे त्यांचे म्हणणे होते. त्यामागे पारतंत्र्याची खरी वेदना होती. कायदा कोणी करावा, हा प्रश्न त्यांनी उगाच काढलेला नव्हता.

पण प्रामाणिकपणे बोलायचे तर आज या सभागृहातील एकही बाप दहा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत त्या विरोधाच्या बाजूने उभा राहणार नाही. मी लोकमान्यांचा भक्त आहे आणि हे म्हणताना मला संकोच वाटत नाही. त्या क्षणी फुलमणीच्या बाजूने जे बोलले, त्यांच्यात ईश्वर न मानणारा हा माणूस पुढे होता. शास्त्राधार शोधणाऱ्या पुष्कळांना तिचा आक्रोश ऐकू आला नाही. म्हणून श्रद्धा असली म्हणजे नीती आपोआप असते, ही आपली पहिली समजूत टिकत नाही. रूढी धर्माची वस्त्रे नेसून आली की श्रद्धावान माणसालाच ती ओळखणे अवघड जाते. अशा वेळी प्रश्न विचारणारा माणूस धर्माचा शत्रू नसतो. धर्माच्या अंगावर चढलेली बुरशी तोच खरवडून काढीत असतो.

टिळकांचे उत्तर

मग टिळक हरले का? मला तसे वाटत नाही. आगरकर गेल्यानंतर पंधरा वर्षांनी, मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिले. १९१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आपण त्याला गीतेवरील भाष्य म्हणून कपाटात ठेवतो. पण त्यातील 'कर्मजिज्ञासा', 'आधिभौतिक सुखवाद', 'सुखदुःखविवेक' ही प्रकरणे वाचताना मला नेहमी वाटते की, डोंगरीतील अपुरा राहिलेला संवाद येथे पुढे चालू झाला आहे. फरक इतकाच की पलीकडे बोलणारा मित्र आता हयात नाही.

टिळकांनी पाश्चात्त्य नीतिशास्त्राला हसण्यावारी नेले नाही. मिल, स्पेन्सर, काँट, कांट, ग्रीन यांची मते त्यांनी मांडली आणि मग प्रश्न केला. पुष्कळांचे पुष्कळ सुख ज्यात असेल ते कर्म चांगले, असे तुम्ही म्हणता. मग कुरुक्षेत्रावर कौरवांकडे अकरा अक्षौहिणी होत्या आणि पांडवांकडे सात. डोकी मोजून न्याय ठरत असेल, तर पांडवांचा पक्ष चुकीचा ठरेल. बाहेरून दिसणारा परिणाम मोजून नीती पुरती कळत नाही. करणाऱ्याची बुद्धी शुद्ध आहे की नाही, सर्वांभूती एकच आत्मा पाहण्याइतकी ती सम झाली आहे की नाही, यावर कर्माचे खरे मोल ठरते. हा टिळकांच्या विवेचनाचा गाभा.

'काँट' आणि 'कांट' ही दोन वेगळी माणसे आहेत, हे येथे सांगून ठेवतो. फ्रेंच तत्त्वज्ञ काँट याने मानवी विचाराच्या तीन पायऱ्या कल्पिल्या होत्या. प्रथम देवादिकांची, मग अमूर्त तत्त्वांची आणि अखेर प्रत्यक्ष शास्त्राची. त्याच्या मते तिसरी पायरी म्हणजे प्रगतीचे शिखर. टिळकांनी आपल्याकडील आधिभौतिक, आधिदैविक आणि आध्यात्मिक ही विभागणी त्याच्यासमोर ठेवली आणि शिखरावर आध्यात्मिक दृष्टी बसविली. प्रगती म्हणजे काय, याविषयीचा सगळा वाद या एका उलथापालथीत सामावला आहे. भौतिक ज्ञान वाढते, साधने वाढतात, हे खरे. पण त्या साधनांनी काय करावे, हे साधने सांगू शकत नाहीत. विसाव्या शतकाने याचा पुरावा सर्व बाजूंनी दिला. हिरोशिमावर १९४५ साली पडलेला बाँब विज्ञानाच्या अत्यंत प्रगत बुद्धीतून निर्माण झाला होता. सोव्हिएत रशियात धर्म हद्दपार करून नवा माणूस घडविण्याचे स्वप्न दाखविणाऱ्यांनी लक्षावधी माणसे छळछावण्यांत घातली. धर्म मागे पडला की समाज पुढे गेला, ही दुसरी समजूतही अशी मोडून पडते.

पंचगंगेच्या घाटावरून

या दोघांच्या वादाला कोल्हापूरने एक तिसरे उत्तर दिले आहे. त्याकडे आपण फारसे त्या दृष्टीने पाहत नाही.

१८९९ च्या कार्तिकात राजर्षी शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला जात. पुरोहित मंत्र म्हणत होता, पण ते वेदोक्त नव्हते, पुराणोक्त होते. बरोबर असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी ही गोष्ट महाराजांच्या लक्षात आणून दिली. छत्रपतींच्या गादीवरील राजालाही वेदमंत्रांचा अधिकार नाही, असे त्या पुरोहिताचे म्हणणे होते. त्यातून वेदोक्ताचे प्रकरण उभे राहिले. या वादात लोकमान्य महाराजांच्या बाजूने उभे राहिले नाहीत, आणि हेही आपण न लपविता सांगितले पाहिजे.

अपमानित झालेल्या राजाला धर्मच सोडून देता आला असता. महाराजांनी तसे केले नाही. अंबाबाईवरील आणि भवानीवरील त्यांची भक्ती अखेरपर्यंत होती. त्यांनी वेदांचा अधिकार मागितला. आर्य समाजाला जवळ करून राजाराम कॉलेज त्याच्या हाती दिले. मराठा पुरोहित तयार व्हावेत म्हणून वैदिक शाळा काढली. १९२० साली क्षात्रजगद्गुरूंचे पद निर्माण करून पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठाला नवे तेज दिले. त्याच वेळी दुसरीकडे, २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश दिला. जातीजातींची वसतिगृहे उभारली. अस्पृश्यता मोडण्यासाठी सार्वजनिक ठिकाणे सर्वांना खुली केली आणि १९२० च्या माणगाव परिषदेत तरुण डॉ. आंबेडकरांच्या पाठीशी ते जाहीरपणे उभे राहिले.

यात आगरकरांचा निर्भय प्रश्न आहे आणि टिळकांचा आग्रहही आहे की, बदल आपल्या मुळांतून यावा. आज पुरोगामित्वाचा मक्ता घेतलेली मंडळी महाराजांची देवीभक्ती सांगताना अडखळतात. आणि आपल्यातील काहीजण महाराजांची देवीभक्ती सांगतात, पण वेदोक्ताचे प्रकरण सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. महाराजांना असे अर्धे करून घेण्याचा अधिकार दोघांनाही नाही.

आपल्याच घरातील प्रश्नकर्ता

कोणी म्हणेल, आगरकर दुसऱ्या पठडीतले, त्यांचे येथे काय काम? मग मी स्वातंत्र्यवीर सावरकरांचे नाव घेतो. त्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो. पण त्यांचा 'दोन शब्दांत दोन संस्कृती' हा निबंध आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे? श्रुतिस्मृतिपुराणोक्त काय आहे, एवढेच विचारणारा समाज आणि आजच्या घडीला अद्ययावत काय आहे, हे विचारणारा समाज, असा भेद करून त्यांनी आपल्या पोथीनिष्ठेवर कोरडे ओढले. रत्नागिरीत त्यांनी सहभोजने घडवून आणली. १९३१ साली तेथे सर्व हिंदूंसाठी खुले असे पतितपावन मंदिर उभे राहिले. ज्यांना हिंदू समाज संघटित व्हावा असे मनापासून वाटत होते, त्यांनीच त्या समाजाला सर्वाधिक टोचले. प्रेम नसलेल्या माणसाला टोचण्याची गरज वाटत नाही.

आपली परंपराही याला अनुकूल आहे. सांख्यांना आणि मीमांसकांना जगाचा कर्ता ईश्वर मानण्याची गरज भासली नाही, तरी ते आस्तिक दर्शनांतच गणले गेले. चार्वाकाचे मत खोडून काढण्यासाठी का होईना, आचार्यांनी आपल्या ग्रंथांत आधी मांडले. आपल्याकडे धर्म म्हणजे केवळ श्रद्धेचे कलम कधीच नव्हते. समाजाची धारणा ज्याने होते तो धर्म, असे आपण मानीत आलो. या व्याख्येने पाहिले तर आगरकरांना अधार्मिक ठरविणे कठीण आहे.

दोन्ही हातांनी केलेले पाप

आता मी आजच्या काळात येतो, आणि आपल्या जिल्ह्याविषयीच बोलतो. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटात एक हजार मुलांमागे मुली होत्या ८३९. महाराष्ट्राची सरासरी तेव्हा ९१३ होती. सधन, सुशिक्षित, सहकारी साखर कारखान्यांनी समृद्ध झालेला, राजर्षींचा वारसा सांगणारा आणि साक्षात जगदंबेच्या पायाशी वसलेला हा जिल्हा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा करणारे राज्यही महाराष्ट्रच, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. तरी २००१ चा आकडा ८३९. पुढे येथील प्रशासनाने सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणारी यंत्रणा बसविली, डॉक्टरांवर कारवाया झाल्या, जनजागृती झाली आणि २०११ च्या जनगणनेत स्थिती काहीशी सुधारली. पण तो आकडा आपल्या माथ्यावर लिहिला गेला तो गेलाच.

हे पाप कोणी केले? श्रद्धा नसलेल्यांनी? नाही. नवरात्रात कुमारिका जेवू घालणाऱ्या घरांतून हे झाले. अडाण्यांनी? नाही. सोनोग्राफीचे पैसे मोजू शकणाऱ्यांनी हे केले. वंशाला दिवा हवा, मेल्यावर पाणी द्यायला मुलगा हवा, ही जुनी समजूत एका हातात होती. विज्ञानाने दिलेले यंत्र दुसऱ्या हातात होते. रूढी आणि प्रगती या दोघींना आपण एकमेकींच्या वैरिणी समजतो. येथे त्या दोघी हातात हात घालून दवाखान्याच्या पायऱ्या चढल्या.

येथे आपल्याला आगरकरही लागतात आणि टिळकही लागतात. मुलाशिवाय गती नाही, हे कोणी ठरविले, असे थेट विचारणारा आगरकर घराघरांत असता, तर सुनेला त्या दवाखान्यात जावे लागले नसते. पण केवळ सुखाचा हिशेब मांडून हा प्रश्न सुटत नाही. घरात पाच माणसे आहेत, त्यांतील चौघांना मुलगा हवा आहे. मुलगा झाला तर त्या चौघांना सुख. जी जन्मलीच नाही, तिचे मत कोण मोजणार? पुष्कळांच्या पुष्कळ सुखाचे गणित या घरात काय उत्तर देईल, ते आपणच ठरवा. त्या अजात मुलीच्या ठिकाणीही तोच आत्मा आहे, म्हणून चौघांच्या सुखासाठी तिला मारता येत नाही, हे सांगायला टिळकांची सात अक्षौहिणींची बाजूच लागते. रूढीला प्रश्न विचारण्याचे धैर्य आणि सोयीपुढे न वाकणारी समबुद्धी, ही दोन्ही एकत्र असतील तरच पाऊल पुढे पडले असे म्हणता येईल. समाज पुढे गेला की नाही, हे त्याच्यातील दुबळ्यात दुबळ्या जिवाला तो कसे वागवितो, यावरून मोजावे. देव किती मानले आणि यंत्रे किती आणली, ही मोजमापे त्यानंतरची.

देव्हाऱ्यातले टाक

माझा एक अनुभव सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातील एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती. मी तेथे मदतीला होतो. माझे एक जुने सहकारी शिक्षकही होते. ते पक्के नास्तिक. आमचे पटले असे आयुष्यात फार थोड्या वेळा झाले. रात्री नावेतून एक म्हातारी उतरली. ओलीचिंब. पदरात काहीतरी घट्ट धरलेले. मला वाटले, रेशनकार्ड किंवा जमिनीचे कागद असतील. पाहिले तर देव्हाऱ्यातले टाक. मी जरा वैतागूनच म्हणालो, "आजी, कागदपत्रं आणायची सोडून हे काय आणलंत?" ती काही बोलली नाही. आमच्या त्या सरांकडे वळून म्हणाली, "सर, देव कुठं ठेवू?" सरांनी एक बाक ओढला. खिशातला रुमाल काढून तो पुसला आणि म्हणाले, "इथं ठेवा आजी. इथं कोणी चप्पल घालून यायचं नाही, मी बघतो." आणि पुढचे तीन दिवस त्यांनी खरोखरच ते पाहिले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. देव मानणारा मी. त्या टाकांमागे म्हातारीचे सगळे घर होते, हे मला दिसले नाही. ज्याला टाकात देव दिसत नव्हता, त्याला म्हातारीत तो दिसला.

वादाची मर्यादा

अखेरचा मुद्दा वाद कसा घालावा याचा. टिळक-आगरकरांचे पुढे पटले नाही. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. दोन्ही पत्रांतून एकमेकांवर इतके कडवट लिहिले गेले की आज वाचताना वाईट वाटते. पण आगरकर गेले तेव्हा त्यांच्यावरील मृत्युलेख लिहिताना टिळकांना अश्रू आवरेनात, असे चरित्रकार सांगतात. डोंगरीतील शंभर रात्रींचे ऋण दोघांनाही फिटले नव्हते.

याच कोल्हापुरात १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. २० तारखेला पानसरे गेले. त्यांच्या विचारांशी आपले टोकाचे मतभेद होते आणि आहेत. गुन्हेगार कोण, हे ठरविण्याचे काम न्यायालयाचे. पण आपल्या मनात आणि आपल्या घरात एक गोष्ट निःसंदिग्ध असली पाहिजे. ज्या समाजाने चार्वाकाला ग्रंथात जागा दिली, त्या समाजात मताचे उत्तर गोळीने देणाऱ्याने धर्माचे रक्षण केले, असे कोणी म्हणत असेल तर तो धर्माविषयी बोलत नाही. धर्म इतका दुबळा नाही की वृद्ध माणसाच्या प्रश्नाने तो ढासळेल. आणि ढासळण्याइतका दुबळा झाला असेल, तर दोष प्रश्न विचारणाऱ्याचा नाही, आपल्या साधनेचा आहे.

म्हणून माझी विनंती आहे. आज घरी गेल्यावर कपाटातील 'गीतारहस्य' काढा आणि त्याच्या शेजारी आगरकरांचे निबंध ठेवा. मुलांना दोन्ही वाचू द्या. जेवताना त्यांच्यात वाद झाला, आवाज चढला, तर घाबरू नका. तुमच्या मुलाने किंवा नातीने एखाद्या रूढीविषयी 'हे का?' असे विचारले, तर 'आपल्यात असेच असते' एवढ्यावर तिला गप्प करू नका. उत्तर ठाऊक असेल तर द्या. नसेल तर तिच्याबरोबर शोधा. आणि शोधल्यावर ती रूढी एखाद्या जिवाचा अपमान करणारी आहे असे आढळले, तर ती सोडायला आपण आधी तयार असले पाहिजे.

डोंगरीत दोघे मित्र बोलत होते तेव्हा त्यांना जेवण धड मिळत नव्हते आणि बाहेर पडल्यावर काय होणार हे माहीत नव्हते. तरी रात्र संपेपर्यंत ते एकमेकांना सोडीत नव्हते. आपल्याला तर सगळे काही मिळाले आहे. एकमेकांचे ऐकून घेण्याएवढा धीर तेवढा मिळवायचा राहिला आहे.